स्वयंपाकघराची टाईल निवडताना आधी सांध्याचा विचार करा

टाईलच्या दुकानात पाऊल टाकलं की रंगाची चर्चा सुरू होते. फिकट पिवळी की राखाडी, साधी की नक्षीची, संगमरवरासारखी की लाकडासारखी. पण पंधरा-वीस वर्षं वापरलेलं एखादं स्वयंपाकघर नीट बघा. टाईल बहुतेक वेळा शाबूत असते, साबणाच्या पाण्याने पुसली की आजही चमकते. काळपट, पिवळट आणि चिकट झालेला असतो तो दोन टाईलमधला सांधा. फोडणीच्या तेलाचा वाफारा, हळद, भांडी घासतानाचं पाणी, पावसाळ्यातली बुरशी हे सगळं त्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत जाऊन बसतं. म्हणून माझा आग्रह असा, की सांधे कमी येतील अशी टाईल घ्या, सांधा कशाने भरायचा ते टाईल घेतानाच ठरवा, आणि रंग शेवटी निवडा.

नवा फ्लॅट घेतलेला असो वा जुनं स्वयंपाकघर मोडून नव्याने करायचं असो, पुढचा क्रम दोन्हीकडे चालतो.

दुकानात जाण्याआधी

कागदावर ओटा काढा. प्रत्येक भिंतीची लांबी, ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतची उंची, खिडकी, शेगडी, सिंक आणि चिमणी यांच्या जागा लिहा. मापं सेंटीमीटरमध्ये घ्या. कारण पुढे कळेलच.

ओट्यामागच्या भिंतीला, म्हणजे डॅडोला, दोन फूट टाईल लावायची पद्धत आहे. वर कपाटं असतील तिथे ते पुरतं. शेगडीमागे मात्र पुरत नाही. चिमणी साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर वर बसते, म्हणजे दोन फुटांच्या पुढे थोडी रंगवलेली भिंत उघडी राहते, आणि तेलाचा सगळ्यात जास्त मारा नेमका तिथे होतो. तेवढ्या भागात टाईल चिमणीच्या मागेपर्यंत चढवा. वर कपाटंच नसतील तर निदान दाराच्या उंचीपर्यंत, सात फुटांपर्यंत न्या. रंगावर बसलेला तेलकट थर पुसायला गेलं की रंगही निघतो.

मिक्सर, फ्रीज, ओव्हन, पाण्याचा फिल्टर यांचे प्लग पॉइंट याच वेळी पक्के करा. टाईल लागल्यावर भिंत फोडून पॉइंट वाढवणं म्हणजे त्या दोन-चार टाईल गेल्याच. नळाची लाइन बदलली असेल तर ती दाबाखाली तपासून घेतल्याशिवाय वर टाईल लावू देऊ नका.

टाईल उलटी करून बघा

आपल्याकडच्या बहुतांश टाईल गुजरातेतल्या मोरबीतून येतात. वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या टाईल एकाच परिसरात बनलेल्या असू शकतात. त्यामुळे नावापेक्षा टाईलचं शरीर ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

टाईल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब झटकन शोषले गेले तर ती सिरॅमिक टाईल. तसेच उभे राहिले तर व्हिट्रिफाइड. भिंतीसाठीची सिरॅमिक टाईल स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते, व्हिट्रिफाइड जास्तीत जास्त अर्धा टक्का. भारतीय मानक आयएस १५६२२ मध्ये टाईलचे गट याच शोषणावरून पाडलेले आहेत.

आता घाबरून भिंतीला व्हिट्रिफाइडच हवी असं ठरवू नका. भिंतीवर वजन पडत नाही, पाऊल पडत नाही, आणि सिरॅमिकचा दर्शनी थर पाणी आत जाऊ देत नाही. ती हलकी असते, सहज कापली जाते, प्लगसाठी भोकं नीट पडतात. डॅडोसाठी चांगली सिरॅमिक टाईल अगदी योग्य आहे. जमिनीला मात्र भिंतीची टाईल कधीही लावू नका, कितीही आवडली तरी. वरचा थर झिजतो आणि जड भांडं पडलं तर ती फुटते.

व्हिट्रिफाइडमध्ये दुकानदार तीन-चार नावं घेतो. डबल चार्ज म्हणजे रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाड असलेली टाईल, जी झिजली तरी नक्षी जात नाही. जीव्हीटी म्हणजे वर छापील नक्षी आणि तिच्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर; पीजीव्हीटी म्हणजे तीच पण पॉलिश केलेली. फुल बॉडीमध्ये रंग आरपार एकच असतो. स्वयंपाकघराच्या जमिनीवर खलबत्ता पडतो, कुकरचं झाकण पडतं. जीव्हीटीचा टवका उडाला की खालचा वेगळा रंग दिसतो, फुल बॉडीचा उडाला तर तितका जाणवत नाही.

आकार, आणि नगांचा हिशेब

या भागावर वेळ द्या, कारण इथे पैसे वाचतात आणि भिंतीचं रूपही इथेच ठरतं.

सांधे कमी हवेत तर टाईल मोठी हवी. डॅडोसाठी आज सगळ्यात सोयीचा आकार म्हणजे ३० बाय ६० सेंटीमीटर, आडवी लावलेली. दोन फुटांच्या उंचीत दोनच ओळी येतात. लहान विटांसारख्या टाईल किंवा काचेच्या मोझॅइकच्या शीट फोटोत सुंदर दिसतात, पण तेवढ्याच भिंतीवर त्यांचे सांधे कित्येक पटींनी वाढतात. मोझॅइक फारच आवडत असेल तर ते शेगडी आणि सिंकपासून लांबच्या भिंतीवर लावा. उठावदार नक्षीच्या टाईल शेगडीमागे नकोतच. खोबणीत बसलेलं तेल रोज कोण काढणार?

आता मापं सेंटीमीटरमध्ये का घ्यायची ते. दुकानात सगळे ‘एक बाय दोन’ म्हणतात, पण टाईल ३० बाय ६० सेंटीमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे ६०.९६ सेंटीमीटर. दोन ओळी आणि त्यांच्यामधला दोन मिलिमीटरचा सांधा धरला तर ६०.२ होतात. वर पाऊण सेंटीमीटरची फट उरते. ती झाकायला मिस्त्री सिमेंट लिंपतो आणि ती रेघ कायम दिसत राहते. यावर उपाय सोपा आहे. वरच्या कपाटाची खालची कड टाईलच्या वरच्या कडेवर बेतायची. म्हणजे कपाट करणाऱ्याला माप टाईल ठरल्यावर द्यायचं.

लांबीतही हेच होतं. समजा एल आकाराचा ओटा आहे, एक भिंत दहा फुटांची, दुसरी सहा फुटांची. दहा फूट म्हणजे ३०४.८ सेंटीमीटर. कोपऱ्यातून सुरुवात केली तर पाच अख्ख्या टाईल बसतात आणि शेवटी जेमतेम पावणेचार सेंटीमीटरची चिंचोळी पट्टी उरते. सहा फुटांच्या भिंतीतही तीन टाईलनंतर अशीच दोन-अडीच सेंटीमीटरची पट्टी येते. ती कापताना तुटते, तुटली नाही तर वाईट दिसते. त्याऐवजी मधोमध चार अख्ख्या टाईल आणि दोन्ही टोकांना साधारण ३२ सेंटीमीटरचे सारखे तुकडे ठेवले की भिंत मुद्दाम बेतल्यासारखी दिसते. सहा फुटांच्या भिंतीत मधे दोन अख्ख्या आणि टोकांना ३१-३१चे तुकडे.

याचा खरेदीवर परिणाम होतो. ३२ सेंटीमीटरचा तुकडा ६० सेंटीमीटरच्या टाईलमधून एकच निघतो. म्हणजे एका ओळीला मोठ्या भिंतीत सहा आणि लहान भिंतीत चार अशा दहा टाईल, दोन ओळींना वीस. आता दुकानदाराचा हिशेब बघा. सोळा फूट गुणिले दोन फूट म्हणजे ३२ चौरस फूट, दहा टक्के वाढवले तर ३५. बॉक्समध्ये पाच नग धरले तर एक बॉक्स साधारण ९.७ चौरस फुटांचा, म्हणून चार बॉक्स. म्हणजे बरोबर वीस टाईल. एकही फुटायला जागा नाही, प्लगचं भोक चुकायला जागा नाही. पाचवा बॉक्स घ्यावाच लागेल. म्हणून चौरस फुटांवर थांबू नका, कागदावर रांगा काढून नग मोजा. बॉक्समधल्या नगांची संख्या कंपनीप्रमाणे बदलते, ती बॉक्सवर छापलेली असते.

दोन बाय चार फुटी टाईल डॅडोला लावायची फॅशन आहे. सांधे अगदीच कमी येतात, हा मोठा फायदा. पण भिंत ओळंब्यात नसेल तर इतकी मोठी टाईल ते लपवू शकत नाही, आणि खिडकीभोवती कापाकापी फार वाया जाते. लांब टाईल मधोमध किंचित वाकलेली असते. दोन टाईल तोंडाला तोंड लावून धरा आणि कडेने बघा, किती फट दिसते ते कळेल. अशा टाईल विटांसारख्या निम्म्यावर सरकवून लावल्या तर कडा वर-खाली दिसतात. सरकवायच्याच असतील तर एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

चमकदार की मॅट

भिंतीला चमकदार टाईल पुसायला सोपी. मॅट शांत दिसते, पण तिच्या खडबडीत पृष्ठभागात तेल थोडं जास्त अडकतं. मधला मार्ग म्हणजे सॅटिन किंवा सिल्की मॅट. विहिरीचं, बोअरचं क्षारयुक्त पाणी येत असेल तर गडद चमकदार टाईल सिंकमागे नको, प्रत्येक थेंबाचा पांढरा डाग उमटतो. कपाटाखाली एलईडीची पट्टी लावणार असाल तर चमकदार टाईलवर त्या पट्टीचं प्रतिबिंब पडतं, हेही आधीच बघून घ्या.

शंका असली तर नमुना घरी आणा. बहुतेक दुकानं एखादी टाईल देतात, नाही दिली तर विकत घ्या. तिच्यावर तेलात कालवलेली हळद लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी तुमच्या नेहमीच्या भांड्यांच्या साबणाने धुवा. स्वच्छ निघाली तर घ्या. मग तीच टाईल ओट्यामागे उभी करून दिवसाउजेडी आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा. दुकानातल्या दिव्यांखाली दिसणारा रंग घरी दिसेलच असं नाही. फिकट, गडद आणि चित्रांची हायलायटर असा तयार संच घ्यायलाच हवा असं काही नाही. एकाच साध्या टाईलची भिंत जास्त वर्षं डोळ्यांना बरी वाटते, असं माझं मत आहे.

सांधा कशाने भरायचा

दोन पर्याय आहेत. सिमेंटचं ग्राउट स्वस्त, भरायला सोपं, आणि सच्छिद्र. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि त्या छिद्रांत उतरतो, मग घासून निघत नाही. इपॉक्सी ग्राउट म्हणजे रेझिन, हार्डनर आणि बारीक पूड यांचं मिश्रण. ते महाग, पण जवळजवळ पाणी पीतच नाही. शेगडीमागे आणि सिंकमागे इपॉक्सीच वापरा. एका स्वयंपाकघराच्या डॅडोला लागणारा माल फार नसतो, त्यामुळे तिथे काटकसर करू नका. बचत करायचीच असेल तर ट्रॉल्यांच्या मागच्या भिंतीला, फ्रीजमागे साधी टाईल आणि साधं ग्राउट लावा.

इपॉक्सीची एक अट आहे. ते कालवल्यावर थोड्याच वेळात घट्ट होऊ लागतं. थोडं थोडं कालवून, भरून, लगेच पुसून घ्यावं लागतं. टाईलवर पुसट थर राहून वाळला तर तो काढणं अवघड जातं, मॅट टाईलवर तर फारच. म्हणून मिस्त्रीला स्पष्ट विचारा: दादा, आधी इपॉक्सी भरलंय का? कुठे? शक्य असेल तर ते काम बघून या.

रंग पांढरा नको. इपॉक्सीही पांढरं असलं तर हळद रेंगाळली की पिवळसर झाक येते. टाईलच्या रंगापेक्षा किंचित गडद, वाळूसारखा किंवा फिकट राखाडी रंग बरा. आणि काहीजण सांध्याशिवाय टाईल चिकटवून लावायला सांगतात, ते ऐकू नका. टाईल उन्हाने, उष्णतेने किंचित फुगते आणि आक्रसते. दोन मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे दोन टाईलमध्ये सारखी फट राखणारे तुकडे, घालायला लावाच.

ओटा आणि भिंत जिथे मिळतात तो सांधा वेगळा. ओट्याचा दगड आणि भिंत वेगवेगळी हलतात, तिथे भरलेल्या सिमेंटला हमखास बारीक चीर पडते आणि पाणी खाली ट्रॉलीच्या प्लायवूडपर्यंत जातं. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन भरून घ्या. कोकणात आणि मुंबईत, जिथे पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओली असते, तिथे हे टाळूच नका.

ओट्याला टाईल?

शक्यतो नको. ओट्यावर नारळ फुटतो, कणीक तिंबली जाते, पोळ्या लाटल्या जातात. आडव्या पृष्ठभागावरच्या सांध्यात पाणी साचतं आणि कडेच्या टाईलचे टवके उडतात. ग्रॅनाइट अजूनही सगळ्यात भरवशाचा. कडाप्पा स्वस्त आणि मजबूत, पण तो चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, कोकम सांडून राहिलं की त्यावर फिकट डाग पडतो. संगमरवराचं त्याहून वाईट होतं. क्वार्ट्झ सुंदर दिसतो, पण त्यात रेझिन असतं, त्यामुळे गॅसवरून उतरवलेला कुकर किंवा कढई थेट त्यावर ठेवता येत नाही. टाईलचाच देखावा हवा असेल तर आठ फूट लांब आणि १५ मिलिमीटर जाडीच्या फुल बॉडी स्लॅब मिळतात. त्या कापायला आणि कडा घासायला जाणकार कारागीर लागतो, तो आधी शोधा.

जमीन

मॅटच घ्या. दुकानदाराला आर रेटिंग विचारा. हा आकडा जर्मन चाचणीतून येतो. तेल लावलेल्या उतारावर माणूस चालवतात आणि उतार वाढवत नेत तो कितव्या अंशाला घसरतो ते मोजतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९, आर ११ म्हणजे १९ ते २७. स्वयंपाकघराला आर १० चांगला. ड्राय बाल्कनीत भांडी घासली जात असतील तर आर ११ घ्या, आणि तिथे टाईल लहान, एक फुटाची ठेवा. जाळीकडे उतार द्यावा लागतो आणि मोठी टाईल तो उतार घेत नाही.

ग्लेझ असलेल्या टाईलसाठी पीईआय नावाची झिजेची श्रेणीही असते. घरच्या स्वयंपाकघराला ३ किंवा ४ पुरते. ट्रॉल्यांच्या खालीही टाईल लावून घ्या. तेवढे नग वाचवले तर एखाद्या गळतीत पाणी कच्च्या कोब्यात मुरतं.

माल आल्यावर

प्रत्येक बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर जुळवा. एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक असतो, तो भिंतीवर लागल्यावर लगेच डोळ्यांत भरतो. न जुळणारा बॉक्स टाईल लावायच्या आधी परत करा, नंतर कोणी घेत नाही. बॉक्सवर प्रीमियम लिहिलंय की कमर्शियल, तेही बिलाशी पडताळा.

सिरॅमिक टाईल सिमेंटवर लावायची असेल तर ती आधी पाण्यात भिजवावी लागते, बुडबुडे थांबेपर्यंत. नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पकड बसत नाही. व्हिट्रिफाइडला उलट. ती पाणी घेत नाही म्हणून सिमेंट तिला धरत नाही, भिंतीवर तिला टाईल ॲडेसिव्ह, म्हणजे टाईल चिकटवायचं खास मिश्रणच लागतं. ॲडेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ आणि त्याखाली टाइप लिहिलेला असतो. तुमच्या टाईलला कोणता टाइप लागतो ते कंपनीच्या पत्रकात बघा. मिस्त्रीने खाचांच्या थापीने पूर्ण पाठीवर ॲडेसिव्ह पसरवलं पाहिजे. चार कोपऱ्यांना आणि मधे असे पाच गोळे थापून टाईल दाबली की मागे पोकळी राहते, आणि पुढे हुक किंवा रॅकसाठी ड्रिल मारताना तिथेच चीर जाते.

पहिली ओळ लागली की थांबवून लेव्हल आणि गुण्या लावून बघा. काम झाल्यावर, सांधे भरायच्या आधी, प्रत्येक टाईलवर नाण्याने टकटक करा. बद्द आवाज आला तर ती टाईल तेव्हाच काढायला सांगा. हे होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा आणि तसं सुरुवातीलाच बोलून घ्या, म्हणजे नंतर वाद होत नाही.

काम संपल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड टाकायची सवय पुष्कळांना असते. ते सांध्यातलं सिमेंट खातं, नळाची चकाकी घालवतं, कडाप्पा असेल तर त्यालाही डागतं. ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसत गेलं तर त्याची गरजच पडत नाही. इपॉक्सी भरल्यावर निदान एक दिवस तिथे पाणी लागू देऊ नका, नेमका वेळ पाकिटावर दिलेला असतो.

उरलेल्या चार-सहा टाईल माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या रचल्या तर खालच्या तडकू शकतात. बॉक्सचा लेबल असलेला तुकडा कापून त्यांच्यासोबत ठेवा. त्या डिझाइनची टाईल दोन-तीन वर्षांनी बाजारात मिळेल याची खात्री नसते.